डाव्या हाताचा भाता

सांगलीहून आलेल्या त्या पत्राला तात्या वाळिंब्यांनी उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिली होती, पुष्कळ लिहिली होती. एक चार पानी, एक दोन ओळींचं, एक तर पत्ता घालून पाकिटातसुद्धा गेलेलं. पण टपालात एकही पडलं नाही. तात्यांनी उभा जन्म एका वाचनालयाच्या खिडकीमागे बसून लोकांना पुस्तकं देण्याघेण्यात घालवला होता. दुसऱ्यानं लिहिलेलं काहीही त्यांना सुरेख वाटायचं आणि स्वतःच्या हातचं ‘सप्रेम नमस्कार’सुद्धा कुठंतरी चुकल्यासारखं वाटायचं.

पत्र मंगल भिंगारदिवे यांचं होतं. मंगलबाई सांगलीत पियानो शिकवत. त्या रीतसर परीक्षा देऊन तयार झालेल्या, त्यांचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. तात्यांची एक विद्यार्थिनी, अश्लेषा, वडिलांच्या बदलीमुळे साताऱ्याहून सांगलीला गेली आणि मंगलबाईंकडे शिकू लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे पत्र आलं.

‘अश्लेषा सुरेल आहे, लयीला पक्की आहे,’ असं बाईंनी लिहिलं होतं. ‘एक विचारायचं होतं. वाजवताना तिचं डावं कोपर लयीत बाहेर जातं आणि आत येतं. ही सवय आपण मुद्दाम लावता, की आपोआप लागते? कुतूहल आहे म्हणून विचारते. नाताळात आमच्याकडे मुलांचा कार्यक्रम असतो. आपल्या मुलांना घेऊन या.’

सरळ पत्र होतं. पण तात्यांना सरळ वाचायची सवय नव्हती. ‘कुतूहल’ या शब्दापाशी ते थबकले. शहाणी माणसं दुसऱ्याची चूक दाखवताना कुतूहलच दाखवतात, असं त्यांना वाटलं. मग ‘घेऊन या’ म्हणजे काय? घेऊन या, म्हणजे बघू तरी बाकीच्यांचं काय करून ठेवलंय ते.

कारण खरी गोष्ट अशी होती की तात्यांना पियानो कोणी शिकवलाच नव्हता. साताऱ्यात निवृत्त फौजी पुष्कळ. त्यांतले एक कर्नल मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तेव्हा घरातला उभा पियानो त्यांनी वाचनालयाला देऊन टाकला. वाचनालयाला तो नको होता. दोन कपाटांची जागा अडत होती. मग तात्यांनी तो घरी आणला, त्याच्याबरोबर आलेली शिकवणीची पुस्तकं वाचली, आणि एकेक पान घोटत घोटत स्वतःच वाजवायला लागले. पेटी त्यांना येत होती. लहानपणापासून भजनी मंडळात साथीला बसायचे. त्यामुळे सूर सापडायला वेळ लागला नाही. पुढे गल्लीतली मुलं खिडकीत येऊन उभी राहिली, मग आत आली, मग त्यांचे आईबाप विचारायला आले. अशा रीतीनं तात्या पियानोचे मास्तर झाले. पण आपण मास्तर आहोत यावर त्यांचा स्वतःचा विश्वास कधी बसला नाही. एक ना एक दिवस खरा जाणकार दारात उभा राहील, मुलांकडे एकदा बघेल आणि म्हणेल, ‘हे काय शिकवलंय?’ मग पालक मुलं काढून घेतील आणि पुन्हा घरात सगळं शांत होईल, ही भीती त्यांच्या पोटात कायमची होती.

पत्र आलं त्या संध्याकाळी त्यांनी मुलांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. धवल वाजवत होता. त्याचं डावं कोपर बाहेर, आत, बाहेर, आत. त्याच्यानंतर सबीना बसली. तेच. तिचा भाऊ वसीम, तेच. आणि स्वानंदी, त्यांची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी, तिचं तर इतकं डौलदार की बघत राहावं.

रात्रीचं जेवण झाल्यावर तात्यांनी बायकोला, विनोदिनीबाईंना, पियानोजवळ बोलावलं.

“मी वाजवतो. तू माझ्या डाव्या हाताकडे बघ.”

विनोदिनीबाईंनी पाहिलं. “काय बघायचं? भाता मारताय की तुम्ही. नेहमीसारखा.”

“नेहमीसारखा?”

“पहिल्या दिवसापासून. मला वाटलं असंच वाजवतात.”

पेटी वाजवताना उजवा हात सुरांवर असतो आणि डावा मागच्या भात्यावर. भाता हलला नाही तर पेटी मुकी. इतक्या वर्षांत तो हात असा मुरला होता, की पियानोवर बोटं सुरांवर राहिली तरी कोपर आपलं काम सोडायला तयार नव्हतं. नसलेला भाता ते इमानेइतबारे मारत होतं. आणि मुलांनी मास्तरांचं पाहून तेवढंही उचललं होतं.

यावर तात्यांनी जो उपाय काढला तो पुस्तकी माणसालाच सुचावा. मुलांनी डाव्या काखेत एकेक पुस्तक धरून वाजवायचं, आणि पुस्तक पडता कामा नये. धवलला शब्दकोशाचा एक खंड मिळाला, तो पहिल्याच ओळीला पियानोच्या खालच्या सुरांवर धाडकन पडला.

“तात्या, हा चांगला आवाज आला,” धवल म्हणाला. “शेवटी ठेवू या का?”

पुस्तक धरलं की मुलांचं कोपर गप्प बसायचं, पण वाजवणंही बिघडायचं. उजवा हात पुढे पळायचा, डावा मागे राहायचा. थोड्या दिवसांनी तात्यांनीच कंटाळून पुस्तकं कपाटात ठेवली. पत्राचं उत्तर राहिलं. त्या वर्षीचा नाताळ आला आणि गेला. सांगलीला कधी जायचं म्हणून स्वानंदीनं विचारलं, तेव्हा ते “पुढच्या वर्षी बघू” म्हणाले.

आणि ते पुढचं वर्ष आलं.

डिसेंबर लागला तशी स्वानंदी एकच गीत घोटायला लागली. नाताळचं, संथ, गोठ्यात निजलेल्या बाळासाठी म्हटलेल्या पाळण्याच्या चालीचं. तात्यांनीच ते तिच्यासाठी दोन हातांत बसवून दिलं होतं. “नाताळ म्हणजे शेवटी बारसंच की गं,” ते तिला म्हणाले होते. “घाई करायची नाही. बाळ झोपलेलं आहे.” तिनं ते इतकं मनावर घेतलं होतं की वाजवताना ती श्वाससुद्धा हळू घ्यायची.

एका दुपारी ताटावर बसले असताना विनोदिनीबाई म्हणाल्या, “मी कळवलंय, येतोय म्हणून.”

“कोणाला?”

“सांगलीला, मंगलबाईंना. फोनवर निरोप आला होता त्यांचा. स्वानंदीनं अश्लेषाला नंबर दिला, अश्लेषानं बाईंना.”

तात्यांचा घास हातातच राहिला. “मला न विचारता?”

“तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही आधी तीन पुस्तकं काढली असती. पोरगी गेल्या वर्षीपासून वाट बघतेय. तिला ते गाणं लोकांपुढं वाजवायचंय. तुमच्या भिंतीपुढं वाजवून वाजवून विटली ती.”

“अगं, पण त्या बाई बघतील.”

“बघायलाच बोलावलंय ना?”

तात्यांनी कपाटातली पुस्तकं पुन्हा बाहेर काढली.

जायचं ठरलं वसीम-सबीनाचे वडील रसूल यांच्या व्हॅनमधून. एरवी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. विनोदिनीबाईंनी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला. रसूलच्या आईनं, रहिमतबींनी, डबाभर नानकटाई दिली होती. मुलं मागं बसली. तात्या पुढं, मांडीवर स्वरलिपीची पिशवी घेऊन, दातांच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखे.

कराड सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. रसूल गाडी हळू करून त्यांच्या मागं मागं चालवत राहिला.

“आवं तात्या, काय बोलंनासा झालाय?” त्यानं विचारलं.

“काही नाही रे. मुलांच्या कोपराचं मनात आहे.”

“कोपराचं?”

तात्यांनी सगळं सांगितलं. रसूलनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “आमच्या वसीमचं म्हनाल तर त्ये माझ्यावर गेलंय. ह्ये बघा.” त्यानं गिअर बदलला आणि कोपर बाहेर काढून आत घेतलं. “सकाळपासनं संध्याकाळपातुर हेच करतोय मी. मला कुनी पत्र न्हाई धाडलं.”

मागं पोरं खो खो हसली.

“हसू नका,” तात्या मागं वळून म्हणाले. “लक्षात ठेवा. आज कोपर अंगाला चिकटवून. कोणाचंही हलता कामा नये.”

“पुस्तक धरून वाजवायचं, की धरल्यासारखं?” धवलनं विचारलं.

“धरल्यासारखं.”

“कुठलं धरल्यासारखं? जाड की बारीक?”

“धवल.”

“नाही, म्हणजे मनात धरायला बरं पडतं.”

स्वानंदी हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचं डावं कोपर तिनं उजव्या हातानं घट्ट धरून ठेवलं होतं. तात्यांनी ते आरशात पाहिलं, आणि त्यांना उगाचच कसंतरी झालं.

कार्यक्रम चर्चच्या आवारातल्या सभागृहात होता. दारावर कागदी चांदण्यांचे आकाशकंदील, आत एका बाजूला करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि केक मांडलेलं लांब टेबल, आणि पुढं चकचकीत काळा पियानो. अश्लेषा धावत आली आणि स्वानंदीच्या गळ्यात पडली. तिच्यामागून मंगलबाई आल्या. आवाज खणखणीत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, पदर खोचलेला.

“या, या. मला वाटायचं तात्या नावाचं माणूस अश्लेषाच्या गोष्टींतच असतं. खरोखरचे निघालात.”

“हो. म्हणजे, आहे,” तात्या म्हणाले.

बाई पत्राबद्दल काही बोलतील म्हणून ते जीव मुठीत धरून उभे होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला, नानकटाईचा वास घेऊन “वा” म्हटलं आणि मुलांना घेऊन गेल्या. तात्यांना वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी खेळ होते. खोलीभर दोरी बांधून तिच्यावर कागदी चांदण्या लटकवल्या होत्या आणि प्रत्येक चांदणीच्या पाठीवर एखाद्या नाताळगीताचा तुकडा स्वरलिपीत लिहिला होता. मुलांनी एकेक चांदणी तोडायची, पियानोवर तेवढाच तुकडा वाजवायचा आणि बाकीच्यांनी गीत ओळखायचं. ओळखलं की करंजी. धवलनं चांदणी तोडली, ऐटीत बसला आणि वाजवलं. कोणालाच ओळखता येईना. पुन्हा वाजवलं. मंगलबाई वाकून बघायला गेल्या.

“उलटी धरलीस रे.”

“मग चूक झाली का?”

“तसं नाही. नवीन गाणं झालं.” बाईंनी त्याच्या हातावर करंजी ठेवली. “नवीन गाण्याची एक.”

लगेच सगळ्यांना चांदण्या उलट्या धरायच्या होत्या. तात्या कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले होते, त्यांनाही हसू आलं. मग हातघंट्यांचा खेळ झाला. प्रत्येकाच्या हाती एकाच सुराची एक घंटी, आपला सूर आला की वाजवायची, आला नाही की गप्प. त्यात रसूललाही ओढलं. “मला कवा वाजवायची त्ये सांगा, मी वाजवतो,” तो म्हणाला आणि प्रत्येक वेळी एक ठोका उशिरा वाजवून मोकळा झाला.

मग खुर्च्या सरळ मांडल्या गेल्या, पालक येऊन बसले आणि वाजवणं सुरू झालं.

आधी सांगलीची मुलं. तात्यांची नजर त्यांच्या बोटांवरून हलेना. सुरांवरून वर जाताना त्यांचा अंगठा बाकीच्या बोटांखालून असा अलगद सरकत होता, की सुईत दोरा ओवावा. तात्यांची मुलं तिथं हात उचलून उडी मारायची, कारण पेटीवर तसंच चालतं आणि तात्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. म्हणजे कोपराबरोबर आता अंगठाही. ते खुर्चीत आणखी थोडे खाली सरकले.

मग साताऱ्याची मुलं. वसीम आणि सबीना एका बाकावर बसून चार हातांनी वाजवायला लागले. दोघांची कोपरं अंगाला अशी चिकटलेली, जशी काही थंडी वाजतेय. सूर सगळे बरोबर आले, पण गुडघे बांधून पळावं तसं ते गाणं चाललं. सबीना आधी पोचली आणि वसीमची वाट बघत थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धवलनं त्याचं गाणं एका दमात संपवलं आणि सुटलो एकदाचा असं तोंड करून तो खाली आला.

स्वानंदी बसली. तिनं हात मांडीवर ठेवले, मग सुरांवर ठेवले, आणि सुरू केलं.

पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीला डावा हात मागं पडला. उजवा त्याच्यासाठी थांबला, मग घाईनं पुढं गेला. ती थांबली. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्याच जागी पुन्हा गाडी अडली. तिचं डावं कोपर बरगड्यांत रुतलं होतं, खांदा कानाशी गेला होता, आणि लाल झालेल्या चेहऱ्यानं ती सुरांकडे असं बघत होती, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

मग तिनं मान वळवून तात्यांकडे पाहिलं.

तिला काय हवं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. तो पाळणा तिच्या बोटांत नव्हताच. तो त्या कोपरात होता. इतकी वर्षं तिनं त्या कोपरानंच लय धरली होती, आणि आज सकाळी गाडीत तात्यांनी तिला ते बांधून ठेवायला सांगितलं होतं. का, तर मंगलबाईंच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून. पोरीचं गाणं त्यांनी स्वतःची अब्रू झाकायला वापरलं होतं. ‘सोड’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, पण तो शब्द भर सभागृहात तोंडातून फुटणं तात्यांना अशक्य होतं. बोलणं त्यांना कधीच जमलं नाही.

त्यांनी हात उचलला.

डावा हात. कोपर बाहेर, आत. बाहेर, आत. भजनी मंडळात मांडी घालून बसायचे तसा, सहा मात्रांचा संथ भाता ते हवेत मारू लागले. शेजारच्या बाई दचकून सरकल्या. मागं एक पोरगं फिसकन हसलं. रसूल तोंड वासून बघत राहिला. तात्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण हात थांबला नाही. थांबवला असता तर पुन्हा उचलण्याचा धीर झाला नसता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

स्वानंदीनं ते पाहिलं. तिचा खांदा खाली आला. कोपर सुटलं, बाहेर गेलं, आत आलं, आणि त्याच्यामागोमाग सूर आले. पहिली ओळ, दुसरी ओळ. अडलेली जागा कुठं गेली ते कळलंसुद्धा नाही. तिनं आणखी एकदा तात्यांकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलंच नाही. तिला आता गरज नव्हती. तात्या मात्र शेवटपर्यंत भाता मारत राहिले, डोळे मिटून, आणि उजव्या हाताची बोटंही मांडीवर चालायला लागली होती. ती कधी लागली, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

शेवटचा सूर विरला. सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या, आणि विनोदिनीबाईंनी तात्यांचा हात धरून खाली आणला. “झालं आता,” त्या म्हणाल्या. “संपलं गाणं.”

सगळ्यात शेवटी सगळ्या मुलांनी मिळून गायचं आणि वाजवायचं होतं. मोठ्या पियानोवर दोघं, बाजूच्या लहान कीबोर्डांवर बाकीची. मंगलबाई ताल देत होत्या, तरी जो तो आपापल्या वेगानं पळत होता. तेवढ्यात अश्लेषानं, बाईंचं लक्ष गेल्यापासून दाबून ठेवलेलं कोपर बाहेर काढलं. शेजारच्या मुलानं ते पाहिलं.

“टीचर, आम्ही पण असे पंख मारू?”

मंगलबाईंनी तात्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे. “मारा.”

मग काय विचारता. सगळी कोपरं उडायला लागली. एकमेकांचं पाहून पोरं एका लयीत आली, अर्धी हसत, अर्धी गात. खिडकीतून कोणी पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं कोंबड्यांचा खुराडा उघडलाय. गाणं मात्र पहिल्यांदाच सगळ्यांचं बरोबर संपलं.

खाणं सुरू झाल्यावर मंगलबाई ताटली घेऊन तात्यांच्या शेजारी येऊन बसल्या. तात्यांनी हातातली चकली ताटलीत ठेवली.

“भाता,” बाई म्हणाल्या. “पेटी वाजवता तुम्ही.”

“भजनी मंडळात. लहानपणापासून.”

“माझ्या बाबांचा पायाचा ऑर्गन होता. पायांनी हवा भरायची आणि हातांनी वाजवायचं. घरी पियानोवर बसले तरी खाली त्यांचे दोन्ही पाय चालूच. मी इतकीशी होते. मला वाटायचं, पाय हलवल्याशिवाय पियानो वाजतच नाही. कॉलेजात जाईपर्यंत मीही हलवायचे. परीक्षा घेणारे वाकून पियानोखाली बघायचे.” बाई हसल्या. “अश्लेषाचं कोपर पाहिलं आणि मला बाबाच दिसले. म्हणून तर विचारलं होतं.”

ज्या पत्रात तात्यांनी दीड वर्ष चिमटे शोधले होते, त्यात एका मुलीला वडिलांची आठवण आली होती, एवढंच. त्यांना हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. दोन्ही त्यांनी चकलीबरोबर गिळलं.

“अंगठ्याचं मात्र बघायला लागेल,” बाई पुढं म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही खाली आला नव्हता. “तुमची सगळी पोरं उडी मारतात. मोठी गाणी आली की अडतील.”

“मलाच येत नाही तो,” तात्या म्हणाले. हे वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

“मग तुम्हीही या शिकायला. महिन्यातला एक रविवार. मुलांना घेऊन या, मी अंगठा शिकवते. तुम्ही माझ्या मुलांना तो पाळणा शिकवा. सगळ्यांना तोच हवाय.”

“मी शिकवू? इथं?”

“इथं. याच बाकावर.”

तात्यांनी विनोदिनीबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. आज त्या उत्तर देणार नव्हत्या, असं दिसत होतं.

“बघतो,” तात्या म्हणाले. “म्हणजे, कळवतो.”

“पत्रानं कळवणार असाल,” मंगलबाई उठता उठता म्हणाल्या, “तर मी पुढच्या नाताळापर्यंत वाट बघते.”

रसूलला एवढा ठसका लागला की त्याला पाणी द्यावं लागलं.

परतीच्या वाटेवर मुलं झोपली. स्वानंदी तेवढी जागी होती. कराडच्या अलीकडे ती पुढं वाकून म्हणाली, “तात्या, तुम्ही हात वर केला तेव्हा तुम्हाला लाज वाटली का?”

“वाटली.”

“मग?”

“मग काय? गाणं चालू होतं.”

तिला ते पटलं असावं. थोड्या वेळानं तीही झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर तात्या लिहायला बसले. विनोदिनीबाईंनी तात्यांकडे बघितलं आणि त्या भाजी निवडत समोरच बसून राहिल्या. एरवी लिहिताना जवळ कोणी बसलेलं तात्यांना चालत नसे. आज चाललं. एकदा त्यांचा हात पुस्तकांच्या कपाटाकडे गेला, पण विनोदिनीबाईंनी भाजीतून मान वर न काढता नुसतं “अहो” म्हटलं आणि हात परत आला.

“त्यापेक्षा फोन करा की,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

“त्यांनी पत्र लिहिलं होतं. पत्राला पत्रच जायला हवं.”

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवलं. ‘मंगलबाईंस सप्रेम नमस्कार. आपण विचारलं होतं त्याचं उत्तर: सवय मुद्दाम लावत नाही. माझी पेटीची आहे, मुलांना माझ्याकडून लागली. आता ती मोडण्याचा विचार नाही. अंगठा शिकायचा आहे. मुलांना आणि मलाही. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सगळे येतो. पाळणा लिहून आणतो. आपला, तात्या वाळिंबे.’

“बरं झालंय?” त्यांनी विचारलं.

“उठा,” विनोदिनीबाई म्हणाल्या आणि पायांत चपला घातल्या.

टपाल कचेरीसमोरच्या लाल डब्यापाशी दोघं उभे राहिले. तात्यांनी पाकीट फटीत सरकवलं. अर्धं आत गेलं, अर्धं त्यांच्या बोटांत राहिलं.

“आता काय?”

“शेवटी नुसतं ‘आपला’ लिहिलंय. ‘आपला नम्र’ लिहायला हवं होतं. एवढ्या मोठ्या बाई.”

मागं एक फौजी गृहस्थ हातात पाकिटांचा गठ्ठा घेऊन खाकरला.

“नम्र आहात ते कालच दिसलं त्यांना,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “सोडा.”

तात्यांनी सोडलं.